गठ्ठ्यांमागचे आठ फूट

घरपट्टीच्या मापात मी त्यांना फसवलं. त्यांनी मला नाही. आमच्या गल्लीत हे उलटं सांगतात, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

"टोक तुमी धरा, मालक." कुठल्याही घरात शिरल्यावर हे त्यांचं पहिलं वाक्य. चपला उंबऱ्याबाहेर, कागदांची फाइल काखेत, आणि टेपचं शून्याचं टोक घरमालकाच्या हातात. आम्ही त्यांना टेपवाले साहेब म्हणायचो. मोजायला खरं तर दोन माणसं लागतात. पण ऑफिसातला शिपाई निवृत्त झाला, त्याच्या जागी कोणी आलं नाही, आणि साहेब एकटेच घरोघर फिरत राहिले. त्यातून त्यांनी स्वतःची पद्धत काढली होती. "आपल्या घराचं माप आपल्या हातानं घेतलं की मानूस मागनं भांडत न्हाय," म्हणायचे.

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. चहा नको म्हणणारा, पाणी मात्र दोन तांबे पिणारा. मंद्रूपहून रोज एसटीने यायचे. शर्टाच्या खिशाला शाईचा जुना डाग. लहान मुलं मागे लागली की त्यांची उंची टेपने मोजून द्यायचे आणि गंभीरपणे सांगायचे, "तुला अजून कर लागू न्हाय."

मी करमाळ्याकडचा. सोलापुरात आलो तेव्हा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत दुसऱ्याच्या मागावर टॉवेल विणायचो. सायकलवर जायचो. पुढे स्वतःचे माग घेतले, घर बांधलं, मागे एक लांब खोली काढून तिथे मालाचे गठ्ठे ठेवू लागलो. हे सगळं घासाघीस करून मिळवलं. समोरच्याने सांगितलेली पहिली किंमत खरी असते, असं मी जन्मात मानलं नाही. घरपट्टीचं बिलही मला पहिली किंमतच वाटायचं.

ते आमच्याकडे मोजायला आले त्या दिवशी मी आधीच तापलेलो होतो. शेजाऱ्याचं घर तीन मजली, वर भाडेकरू, आणि त्याचं बिल माझ्यापेक्षा कमी.

"हा कुठला न्याय?" मी दारातच विचारलं.

"त्यांचा वरचा मजला अजून नोंदीला आला न्हाय. त्यांच्याकडं बुधवारी जानार हाय मी," ते शांतपणे म्हणाले. "आनि मालक, आमी घराची किंमत बघत न्हाय. हे घर भाड्यानं दिलं असतं तर वर्साला किती आलं असतं, ते धरतो. त्यातनं दुरुस्तीचे दहा टक्के सोडतो. उरलं त्यावर कर. पत्रा हाय का स्लॅब हाय, जुनं हाय का नवं हाय, सगळं बघावं लागतं की."

माझी बायको दारात उभी होती. म्हणाली, "बघा, किती सोपं करून सांगितलं. तुम्ही उगाच आवाज चढवता."

"वैनी, चढू द्या. आवाजावर कर न्हाय," साहेब म्हणाले. ती हसली. मीही हसलो असतो, पण तेवढ्यात ते मागच्या खोलीपाशी आले आणि कागदावर लिहिता लिहिता म्हणाले, "ही धंद्याची जागा. हिला राहत्या घराचा दर लागनार न्हाय. हिचा जास्त असतोय."

मी खूप हुज्जत घातली. ते ऐकेनात. "गठ्ठे दिसत्यात मला, मालक. डोळे झाकून कसं लिहू?"

खोलीचा मागचा भाग गठ्ठ्यांनी छतापर्यंत भरलेला. कडेने एक माणूस जाईल एवढी वाट. मी टोक घेऊन आत शिरलो. भिंत अजून आठ-एक फूट पुढे होती. तिथेच थांबलो.

"लावलं का भिंतीला?" बाहेरून आवाज आला.

"लावलं."

त्यांनी आकडा लिहिला, मला दाखवला, सही घेतली. आत येऊन बघितलं नाही. बाहेर आल्यावर बायकोने माझ्याकडे पाहिलं. ती वाटेच्या अगदी समोर उभी होती, तिला सगळं दिसलं होतं.

पुढे एका खासगी कंपनीची माणसं आली, यंत्राने घरं पुन्हा मोजली. माझ्या खोलीतला फरक निघाला. मला नोटीस आली आणि साहेबांना वेगळी. त्यांनी माप कमी लिहायला काहीतरी घेतलं, असा संशय.

सुनावणीला आम्ही दोघं समोरासमोर उभे. अधिकाऱ्याने मला विचारलं, "मोजताना तुम्ही हजर होता?"

"होतो. पण माप साहेबांनी घेतलं. मला त्यातलं काय कळतं?"

घासाघीस करताना जसा सरावाने बोलतो तसाच बोललो. साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. टोक मालकाच्या हातात दिलं होतं, एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. पण तसं देणं नियमात बसत नव्हतं, आणि सांगितलं असतं तर मी खोटा पडलो असतो. ते म्हणाले, "माप माझं हाय. सही माझी हाय."

बाहेर जिन्यात त्यांनी मला थांबवलं. वाटलं, आता शिव्या घालतील. म्हणाले, "दुरुस्त बिल येईल, मालक. वेळेत भरा. न्हायतर वर व्याज चढतंय."

घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "'लावलं का' म्हणून साहेबांनी विचारलं होतं तुम्हाला. मी ऐकलंय." त्यानंतर कित्येक दिवस ताट वाढायची आणि आत निघून जायची.

काही महिन्यांनी साहेब निवृत्त झाले. ऑफिसात निरोपाचा कार्यक्रम झाला नाही. चौकशी सुरू असलेल्या माणसाला शाल कोण घालणार? मी चांगल्यातली एक चादर घेतली आणि मंद्रूपला गेलो. ते अंगणात शेंगा फोडत बसले होते. मी सगळं बोललो. ते ऐकत राहिले. पाणी दिलं. चादर पुढे केली तेव्हा मात्र त्यांनी हात मागे घेतले.

"आता नगो, मालक. आता घेतली तर खरंच घेतलं म्हनतील की."

सोलापूरला आल्या आल्या मी लेखी अर्ज दिला. दोष माझा आहे, माझा जबाब घ्या, असं साफ लिहिलं. खिडकीतल्या माणसाने संगणकात पाहिलं आणि म्हणाला, "तुमचं काही बाकी नाही. मग तक्रार कशाची?" त्या दिवशी मी तिथे टेबलावर हात आपटला. माझ्या अर्जाची पोच तेवढी मिळाली. नंतर तीनदा गेलो. साहेबांवरचा ठपका तसाच आहे. ते आता शहराकडे फिरकत नाहीत. एसटी स्टँडवर मंद्रूपची गाडी लागली की मी उगाच उतरणाऱ्यांकडे बघतो.

माझ्या खोट्याची शिक्षा भोगायला मी तयार आहे. पण ज्यांनी दोन माणसांच्या कामावर एकच माणूस पाठवला आणि मला एकच प्रश्न विचारून त्याला चोर ठरवलं, त्यांनीही समोर यावं. साहेबांवर ठपका ठेवणाऱ्या चौकशी अहवालावर सही कोणाची आहे? त्या माणसाने मंद्रूपच्या त्या अंगणात, साहेबांच्या घरच्यांसमोर उभं राहून उत्तर द्यावं. मी बरोबर येतो.