तेलाचं एक बोट

बायको गेल्यापासून मी दोन वेळचं एकदाच शिजवतो, आणि तेही सरत नाही. पोरं म्हणतात, लिहीत बसा, जीव रमेल. जीव काही रमत नाही. पण तिच्या केसांची गोष्ट पोरांनाही माहीत नाही, म्हणून लिहितो. चौथी शिकलेला माणूस आहे, चुकलंमाकलं वाचून घ्या.

साठ सालाच्या आगेमागे मी अकोल्यात हवामानाच्या ऑफिसात खलाशी होतो. खलाशी म्हणजे पाण्यातला नाही, फुगे भरणारा. त्याआधी अमरावतीला जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, होतो. तिथं कापसाची धूळ छातीत बसून मी खोकून खोकून वाकलो होतो. ही नोकरी लागली आणि खोकला गेला. पण नोकरी कच्ची होती. पक्की झाली नाही तर परत जिनात, हे मलाही ठाऊक होतं आणि तिलाही.

काम असं की रोज दुपारी लोखंडी टाकीत कॉस्टिक सोडा टाकून गॅस काढायचा, माणसापेक्षा मोठा फुगा भरायचा, त्याच्याखाली एक डबा बांधायचा आणि सोडून द्यायचा. डब्यात लहानसा रेडिओ. वर हवेत पाण्याची वाफ किती, ते हा रेडिओ कळवायचा. खाली साहेब कानाला यंत्र लावून त्याची टिकटिक ऐकायचे. भराभर आली की ओल, लांबली की कोरडं. आणि ती ओल ओळखायची कशानं, तर माणसाच्या केसानं. केस ओलीनं वाढतो, सुकला की आखडतो. त्याला काटा बांधलेला असायचा. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी साहेबांकडे पाहतच राहिलो. एवढं शिकून शेवटी केसच.

एका पावसाळ्यात वरच्या ऑफिसातून येणारे केस आलेच नाहीत. साहेब पुण्याकडचे, माणूस बरा. म्हणाले, "लांब, बारीक केस पाहिजेत. कुठे मिळतील?" माझ्या तोंडून निघून गेलं, "माह्या घरी हायेत ना साहेब."

घरी सांगितलं तर ती उसळलीच.

"माहे केस आभाळात सोडता? कोन्या भुतानं धरले तं?"

"भूतं इतक्या वर राह्यत नाईत."

"तुमी पाहून आले काय?"

फणीत आलेला गुंता ती थुंकून भिंतीच्या फटीत कोंबायची, कोणाच्या हाती लागू नये म्हणून. आणि सवाष्णीनं केस कापायचं तर नावच नको. शेवटी म्हणाली, "नोकरी पक्की होते काय यानं?" मी म्हणालो, होते. साहेब असं काही बोलले नव्हते. मग ती फणीतले केस जपून ठेवायला लागली.

तेल राहिलं तर केसाला ओल लागत नाही, म्हणून मी ते ऑफिसात स्पिरिटनं धुवायचो आणि घरी आणायचो. ती एकेक सोडवून कागदावर सरळ लावून द्यायची. माझी बोटं कॉस्टिकनं फाटलेली, त्यांना केस गवसायचाच नाही. महिनाभर नीट चाललं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आभाळ पार खाली उतरलं होतं. फुगा सोडायच्या आधी डब्यावर ओलं फडकं धरायचं आणि काटा हलतो का पाहायचं, हे माझं काम. पावसाच्या घाईत मी ते केलं नाही. फुगा ढगात शिरला, मी नखशिखांत भिजलो, आणि वरून रेडिओ सांगतो, आभाळ कोरडं ठणठणीत. साहेबांनी कानाचं यंत्र काढलं, पुसलं, परत लावलं. "अरे, हा तर उन्हाळा सांगतोय!" मग उरलेले केस बोटात धरून पाहिले. "याला तेल आहे."

घरी येऊन विचारलं.

"लावलं ना, एक बोट. काल पोळा व्हता. सनाच्या दिवशी घरातून रुखे केस बाहेर धाडाले आपल्या घरी काय मयत झाली?"

आमच्याकडे बाई तेल लावत नाही ती सुतकात. मी ओरडलो, "बह्याड बाई, गेली नोकरी! चाल आता जिनात!" फडक्याचं बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं, बायकोनं तेल लावलं. साहेब पोट धरून हसले. "फडकं धरलं होतंस ना?" मी म्हणालो, धरलं होतं, काटा हलला होता. ते म्हणाले, "बरं. आणि तुझा पक्क्या नोकरीचा कागद मंजूर झालाय, काळजी करू नकोस."

हे मी घरी सांगितलं नाही. राग होता. तिच्यावर आहे असं तेव्हा वाटत होतं. आठ दिवस ती भीत राहिली. भांडी पोत्यात भरून ठेवली. डोक्याचं तेल बंद केलं, रोज न्हायची, सकाळी केसांची पुडी माझ्यापुढे ठेवायची. शेजारीण म्हणाली, "काय वं, कोन गेलं?" ती म्हणाली, "कोनी नाई." मी ओसरीवर बसून ऐकत होतो.

आठव्या दिवशी पुडी सोडली तर फणीतले केस नव्हते. सगळे एका मापाचे. कापलेले.

"नोकरी पक्की झाली," मी म्हणालो.

"कवा?"

"आठ दिवस झाले."

तिनं तव्यावरची भाकर उलटली. "सवाष्णीनं केस कापले तं नवरा मरते म्हनतात. मी म्हटलं, जिनात गेला तं असाही मरतेच."

पुढं म्हणाली, "आठ दिवस काहून नाई सांगतलं?" मी पुडी उचलली आणि ऑफिसला गेलो. त्या दिवशी टिकटिक बरोबर आली.

तिनं परत कधी विचारलं नाही. जन्मभर ती चूक तिचीच राहिली, नातेवाइकांत मी हसून सांगायचो, हिनं आभाळाला तेल लावलं. तीही हसायची. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात मी दोनदा फडक्याचं बोलायला तोंड उघडलं. एकदा नर्स आली. एकदा ती म्हणाली, "पानी द्या," आणि मी पाणी दिलं.