पाच जणांची पावलं

मामांच्या दोन्ही मनगटांवर मिळून पाच बँड होते आणि त्यांतला एक माझा होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी शहाणपणा शिकवायला लागले तर तुम्हाला मला गप्प करता येईल.

मामा आमच्या विमा कचेरीतले शिपाई. साठीला टेकलेले, अंगाने काटकुळे, बाह्यांची बटणं सदा लावलेली. आमचा दावे विभाग तिसऱ्या मजल्यावर, जुन्या फायली तळघरात, आणि लिफ्ट तिच्या मर्जीने चालायची. सतरा वर्षं मामा त्या जिन्यावरून ये-जा करत होते, तरी कागदोपत्री ते आमचे नव्हतेच, ठेकेदाराचे होते. बायकोला दिसायचं कमी झालं होतं, म्हणून डबा स्वतः करून आणायचे आणि एकच्या ठोक्याला जिन्याखालच्या स्टुलावर बसून जेवायचे.

आम्हाला मात्र महिनाअखेर आली की जेवायची शुद्ध नसायची. साहेबांच्या सिगारेटी दुप्पट व्हायच्या, मी बिस्किटांचा अख्खा पुडा फस्त करायची, आणि माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई डोकेदुखीच्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खायची. हे सगळं आणून कोण द्यायचं? मामा. आमच्या डोक्याला ताप झाला की जिने त्यांनी चढायचे, अशी आमची व्यवस्था. “आणतो, ताई,” म्हणायचे, आणि वर “आजचा हा दुसरा पुडा,” असंही हळूच ऐकवायचे.

मग एके दिवशी मुख्य कचेरीला आमच्या तब्येतीचा पुळका आला. काम कमी करायचं सोडून त्यांनी प्रत्येकाला मनगटावर बांधायचा एक एक बँड पाठवला. तो पावलं मोजणार, हृदयाचे ठोके मोजणार, आणि सगळं आपल्या फोनवर दिसणार. रोज आठ हजार पावलं चालायची. जो विभाग पहिला येईल त्याला एक दिवस जादा सुट्टी. बँड फक्त कायम नोकरांना, हे वेगळं सांगायला नको.

आता दावे खुर्चीत बसून निकालात निघतात, चालून नाही. पहिल्या आठवड्यात साहेबांची पावलं झाली रोजची नऊशे. शेवटी त्यांनीच बँड काढून मामांच्या हातात दिला. “मामा, तुम्ही चालताच आहात, तर हा पण फिरवून आणा.” आम्हाला काय, तेच हवं होतं. सकाळी आले की मामा दोन बँड डाव्या हातावर चढवायचे, तीन उजव्या, आणि बाह्या खाली ओढायचे. संध्याकाळी ज्याचा त्याला परत. आमचा विभाग पहिला आला आणि मी त्या सुट्टीत दुपारपर्यंत झोपले.

तिसऱ्या महिन्यात कंपनीच्या डॉक्टरांचा साहेबांना फोन आला. तुमचे ठोके मधेच चुकतात, मधेच धावत सुटतात, काल सकाळी अकराला तर फारच, उद्याच्या उद्या तपासून घ्या. साहेबांचा चेहरा पांढराफटक. आपला बँड दिवसभर आपल्या हातावर नसतोच, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. आपण इतकं मर मर मरतो तर आपलं हृदय बिघडणारच, ही त्यांची खात्री फार जुनी होती. दुसऱ्या दिवशी दीडला परतले ते शीळ घालत. “सगळं ठणठणीत. बँडच बिघडलाय.”

आम्ही सगळे हसलो. हसता हसता मी सहज माझा फोन उघडला. तोच दिवस, तीच सकाळची अकराची वेळ, तसेच चुकलेले ठोके. शेजारणीचा फोन मागून घेतला, मग उरलेल्या दोघांचेही. त्यांतही तेच. पाच बँड एकाच मिनिटाला कसे बिघडतील? मी जिन्याकडे धावले.

खाली गेले तर मामा स्टुलावर, डबा न उघडलेला, एक हात भिंतीला टेकवलेला.

“मामा, धाप लागते?”

“वय झालं, ताई.”

“कधीपासून?”

“झाले बरेच दिवस. तुम्ही कुठे बोलू नका. ठेकेदाराला कळलं तर उद्यापासून दुसरा माणूस येईल.”

मी नाही बोलले. मामांच्या नोकरीची काळजी होती म्हणून नव्हे, उगाच मोठेपणा घेत नाही. बोलले असते तर आम्हा पाचही जणांची लबाडी उघडी पडली असती. अडीच तास मी गप्प बसले आणि तेवढ्या वेळात मामा दोनदा तळघरात जाऊन आले. त्यातली एक फाईल माझी होती.

चार वाजता साहेबांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी हातातली सिगारेट विझवली, मुख्य कचेरीला स्वतः फोन करून बँड कोणाच्या हातावर होते ते सांगितलं, आणि मामांना आपल्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. या माणसाबद्दल मी पुष्कळ वाईट बोलले आहे, पण एवढं त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडाभर जिने चढले असते तर जिन्यातच राहिले असते. ठेकेदाराचा नवा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. मामांना बरं वाटलं की खालच्या मजल्यावर बसून करायचं काम मिळावं म्हणून साहेब भांडताहेत. मिळेल की नाही, देव जाणे.

रविवारी भेटायला गेले. मामी उशाशी बसल्या होत्या, मामांचा हात धरून. मामा बरे दिसले आणि मला एकदम त्यांचा रागच आला.

“माहीत होतं तर पाच पाच बँड घालून चढत कशाला होतात? सरळ नाही म्हणायचं.”

“नाही कशाला म्हणेन, ताई? माझे ठोके मोजायला मला कोण बँड देणार होतं? म्हटलं, तुमच्या नावावर का होईना, मोजले तर जातील. आपण होऊन सांगायची भीती, पण असं कोणाच्या तरी नजरेला पडेल. साहेबांचा तर मी मुद्दाम घट्ट बांधायचो.”

तीन महिने ते वाट बघत होते. आणि आम्ही पाच जण रोज संध्याकाळी फोन उघडून फक्त पावलं बघत होतो.