पोळ्यातला भोंगा

पाटीलकी सरकारनं काढून घेतली, तरी आमच्या मोताळ्याकडच्या गावात पोळ्याचा मान बाबांकडेच राहिला होता. त्यांच्या म्हाताऱ्या बैलाच्या शिंगांवर लाकडी मखर बांधायचं, तो तोरणाखालून गेला की पोळा फुटायचा. तोवर सारं गाव आपापले बैल धरून ताटकळत उभं. बाबा मुद्दाम उशिरा निघत. आई म्हणायची, "लोकायचे पाय दुखतात, आन् ह्यायचा रुबाब वाढते."

त्या वर्षी नव्या सरपंचानं मोताळ्याहून बॅटरीवरचा भोंगा आणला. सरपंच म्हणजे भाजीपाल्याच्या मळ्यातला माणूस, कालपरवापर्यंत आमच्या ओसरीखाली उभा राहून बोलणारा. दुपार कलली तसा भोंगा ओरडू लागला, "पाटील, लवकर या! बैल कवाचे उभे हायेत!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाटलाला कोणी असं गावभर हाका मारून बोलावतं होय?

पण बाबा रुबाब करत बसले नव्हते. ते गोठ्यात होते. सकाळपासून बैल उठतच नव्हता. त्याच्या पाठीवरून हात फिरवत ते "ऊठ रे राजा" म्हणत होते. घरी दुसरी जोडी होती, पण मान याच बैलाचा. त्याच्याशिवाय जायचं म्हणजे उरलासुरला मान आपल्याच हातानं संपवायचा. भोंग्यानं पुन्हा हाक दिली. या वेळी मागून लोकांचं हसूही ऐकू आलं.

बाबा उठले. मी मागोमाग धावले. रिकाम्या हातानं येणारा पाटील पाहून झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणणारे मधेच थांबले. सरपंचानं गडबडून माइक तसाच हातात धरला होता. बाबांना त्या यंत्राची काय माहिती? ते सरपंचाजवळ जाऊन हळूच म्हणाले, "माहा बैल उठून नाही राह्यला बापा. फोडा तुमी लोक पोळा."

ते साऱ्या गावाला ऐकू गेलं. त्यांचा आवाज फाटला, तोही.

कोणी जागचं हललं नाही. मला रडू आवरेना. सरपंचानं भोंगा बंद करायला लावला आणि आपल्या बैलाचा कासरा पुढे केला. "तुमच्याबिगर कोन फोडन, पाटील? धरा."

बाबांनी आधी त्या बैलाला हात जोडले, मग कासरा धरला. तोरणाच्या पलीकडे गेल्यावर तो सरपंचाच्या हातात परत दिला. "पुढच्या साली तूच आन बैल पुढं," म्हणाले, आणि घरी जाऊन बैलाजवळ बसले.