खंड एकतीस, साल चोपन्न

“एका ओळीपायी माझा प्रबंध अडवणार का तुम्ही, आई?” सुनेचा आवाज चढला होता. “सहा जणांनी हाच संदर्भ दिलाय!”

“त्या सहांतल्या एकाने तरी लेख वाचलाय?” सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या. “तू वाचलायस?”

“तो लेख सापडतच नाही, आई!” सोमवार चुकला की प्रबंध सहा महिने लांबणार होता. दोनशे बारा संदर्भ तपासून द्या, अशी गळ तिनेच घातली होती. आता हात दाखवून अवलक्षण झालं होतं.

“आई, सोड ना,” ओट्यापाशी उभा असलेला नवरा म्हणाला. “परीक्षक काय भिंग घेऊन बसणारेत?”

“तू कांदा चीर.”

सासूबाईंची बत्तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. शिक्षण बारावी. पण रसायनशास्त्राचे भलेभले प्राध्यापक तुटक्या संदर्भांच्या चिठ्ठ्या घेऊन त्यांच्या टेबलापाशी ताटकळायचे. “त्यातलं रसायन मला कळत नाही, पत्ता कळतो,” असं त्या म्हणायच्या. पन्नाशीनंतर कॉम्प्युटर शिकल्या, तोही याच हट्टापायी.

त्या संदर्भातलं नियतकालिकाचं आखूड नाव इंटरनेटवर शोधून सुनेने तीन दिवस डोकं फोडलं होतं. सासूबाईंनी नावाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

“खंड एकतीस, साल चोपन्न. वर्षाला एक खंड धरला, तर पहिला खंड चोवीस सालचा. तू धरलेलं नियतकालिक निघालं कधी?”

सुनेने पाहिलं. “शेहेचाळीस.”

“मग घर चुकलं तुझं. याच आखूड नावाचं दुसरं कुणीतरी असणार. त्याहून थोरलं.”

तासाभरात ते सापडलं. केव्हाच बंद पडलेलं. पण जुने अंक कुणीतरी पानन् पान स्कॅन करून ठेवले होते. साल, खंड, मग पान. धुरकट अक्षरांतला लेख समोर उघडला.

“धन्य आहे तुमची!” सून ओरडली.

“आधी वाच.”

तिने वाचलं. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, की हा निकाल एकदाच मिळाला. पुढे आठदा करूनही मिळाला नाही. ते पान सहाही जणांनी पाहिलंच नव्हतं, आणि तिचं तिसरं प्रकरण त्या एकदाच मिळालेल्या निकालावर उभं होतं.

“वाईट झालं का गं?” सासूबाईंनी हळूच विचारलं. त्यांना लेख कळला नव्हता, सुनेचा चेहरा कळला होता.

“नाही, आई. वेळेवर झालं.”

नवऱ्याने ताटं मांडली. सून येऊन बसली.

“सोमवारी मी प्रबंध देत नाहीये,” ती म्हणाली. “तिसरं प्रकरण पुन्हा लिहिणार आहे.”