गौरम्माची पंपाची बंदूक

गौरम्मा बंदूक घेणार ही बातमी वळसंगात फुटली आणि गावातला प्रत्येक पुरुष एका रात्रीत बंदुकीतला जाणकार झाला. ज्याच्या हाताने जन्मात गोफणीपलीकडं हत्यार धरलं नव्हतं, तोही पारावर बसून दुनळी आणि बारा बोअरच्या गोष्टी सांगू लागला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची आपल्याकडं कधी टंचाई पडलेली नाही. घेणार होती ती बाई मात्र पारावर आली नव्हती आणि तिने कुणाला सल्लाही विचारला नव्हता.

गौरम्मा लिंगायत घरातली, पस्तिशीतली विधवा. नवरा तापाने गेल्यापासून घरात ती आणि तिची सासू निंगव्वा, दोघीच. ओढ्याकाठचं रान नवऱ्याच्या वाट्याचं. शेजारचं रान दीर चन्नप्पाचं, आणि त्याचा डोळा मधल्या बांधावरून कायम इकडं. बाईमाणसानं घर बघावं, रान मी अर्धेलीनं करतो, असं तो गोड बोलून सांगायचा. आयत्या बिळावर नागोबा होण्याची त्याची ही रीत सगळ्यांना ठाऊक होती, पण गेल्या साली राघूंच्या थव्यांनी गौरम्माची बाजरी कणसासकट फस्त केली आणि चन्नप्पाच्या हाती कोलीत मिळालं. त्याने पंच बसवले. ठरलं असं, की यंदा दसऱ्याला पंच सीमोल्लंघनाला निघतील तेव्हा वाटेत गौरम्माचं रान बघतील. बाजरी राखलेली दिसली तर रान तिच्याकडं, नाही तर चन्नप्पाकडं. शेवटचा शब्द निंगव्वाचा, कारण दोन्ही मुलांची आई तीच.

 घरी आल्यावर गौरम्माने बंदुकीचं काढलं तेव्हा निंगव्वा बोलली. गळ्यात लिंग बांधलेल्या घरात बंदूक येणार हे तिला पटलं नव्हतं. मुंगीवर पाय पडला तर हळहळणारी माणसं आपण, आणि आता राघू मारायचे? गौरम्माने तिला समजावलं नाही. तिला स्वतःलाही ते आवडत नव्हतं. पण गोफणीचा दगड एका कोपऱ्यात पडला की राघू दुसऱ्या कोपऱ्यात बसत, आणि पत्र्याचा डबा बडवला तर मान वाकडी करून ऐकत. रान गेलं तर आपण दिराच्या दारातल्या होऊ, एवढं तिला स्वच्छ दिसत होतं आणि त्याची तिला भीती वाटत होती.

परवान्याचा अर्ज तिचा धाकटा भाऊ ईश्वरप्पा याने करून दिला. पिकाच्या राखणीसाठी म्हणून परवाना मिळाला, तोही तिच्याच नावाने. मग कमरपट्टा मोडून एके दिवशी बहीण-भाऊ सोलापुरात बंदुकवाल्या शेटच्या दुकानी गेले.

शेट भला माणूस. त्याने आधी ईश्वरप्पाकडं बघून बोलायला सुरुवात केली. परवाना बाईच्या नावावर आहे हे वाचल्यावर त्याने तिच्यासाठी चटई टाकायला लावली, आणि मग सगळे शेतकरी नेतात ती बारा बोअरची दुनळी पुढं ठेवली. डुकरापासून लांडग्यापर्यंत सगळ्याला चालते, म्हणाला. गौरम्माने ती उचलून पाहिली आणि चालवून बघितल्याशिवाय घेणार नाही असं सांगितलं. भाजीसुद्धा ती देठ मोडून घ्यायची.

शहराबाहेरच्या माळावर शेटने एक फुटकं मडकं ठेवलं. गौरम्माने दस्ता खांद्याला लावला, चाप ओढला. मडकं फुटलं खरं, पण बंदुकीने उलट असा दणका दिला, की दस्ता सरकून छातीवरच्या चांदीच्या डबीवर आदळला. त्या डबीत तिचं इष्टलिंग. तिने बंदूक खाली ठेवली आणि आधी डबी उघडून लिंग पाहिलं. ते शाबूत होतं, डबीला मात्र पोचा आला होता. शेटने अगदी सहज सुचवलं, की बार काढताना तेवढं भावाकडं देत जा.

"हे अंगावरनं उतरतं ते माणूस मेल्यावर," गौरम्मा म्हणाली. "बंदूक दुसरी दावा."

शेटने दुसरी दाखवली. हलकी, एकनळी. ती तिला पेलली, पण एक बार झाला की नळी मोडून काडतूस बदलायचं, आणि तेवढ्यात राघू कणीस संपवून ढेकर देतील. तीही तिने परत केली. ईश्वरप्पाला आता संकोच वाटायला लागला. दुकानदाराला इतकं राबवायचं म्हणजे काय? पण गौरम्मा ठाम होती. चुकीची बंदूक घेऊन घरी जाण्यापेक्षा ही लाज तिला स्वस्त वाटत होती.

शेवटी शेटने आतून एक लांबट पेटी आणली. अमेरिकेची नवी पंपाची बंदूक, चारशेदहा बोअरची, नळी करंगळीएवढी. अजून कुणी घेतली नव्हती, कारण बघणाऱ्याला ती खेळण्यातली वाटायची. नळीखालचं लाकूड मागं ओढलं की रिकामं काडतूस बाहेर उडायचं, पुढं ढकललं की नवं आत बसायचं. दस्ता खांद्यावरून काढायलाच नको. शेटने प्रामाणिकपणे बजावलं, की हिचे छर्रे मूठभरच असतात, नेम चुकला तर काही लागणार नाही. आणि लाकूड ओढायचं तर पुरतं ओढायचं. अर्धवट ओढलंत की काडतूस अडकलं म्हणून समजा.

गौरम्माने चार बार काढले. खांद्याला नुसता धक्का लागला, डबी जागच्या जागी राहिली. नेमाची तिला काळजी नव्हती. माहेरी असताना गोफणीने उडतं पाखरू पाडायला तिला भावांच्या आधी यायचं.

"डुकरं माझ्या रानात येत न्हाईत," ती शेटला म्हणाली. "येत्यात ते राघू. राघूला तोफ कशाला?"

गावात ती चिमुकली बंदूक बघून हसं झालं. चन्नप्पा म्हणाला, वैनीनं बंदुकीचं पिल्लू आणलंय, मोठं झालं की बार काढील. गौरम्माने ते ऐकलं आणि रानात राखणीच्या माळ्यावर जाऊन बसली. पहिल्या दिवशी तिने दोन राघू पाडले. खाली उतरून त्यांना हातात घेतलं तेव्हा तिला रडू आलं. बांधाला खड्डा करून तिने ते पुरले, कपाळाला विभूती लावली, आणि परत वर चढली. पुढं बार फारसे काढावे लागले नाहीत. लाकूड खाडखाड ओढल्याचा आवाज आला की थवा वळून चन्नप्पाच्या रानात उतरायचा. दिराच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या तेव्हापासून.

खंडेनवमी आली. गौरम्माने सकाळी नांगर, कुळव, विळे, खुरपी धुऊन सोप्यात मांडली. बंदूक तिने रिकामी करून खुंटीलाच ठेवली होती, सासूला उगीच कशाला दुखवा म्हणून. मग ती डबा बडवायला रानात गेली. संध्याकाळी परत येऊन बघते तर हत्यारांच्या ओळीत, नांगराच्या शेजारी, बंदूक मांडलेली. तिच्यावर विभूतीचे पट्टे, कुंकू, झेंडूचं फूल. निंगव्वा चुलीपुढं पाठ करून बसली होती. गौरम्मा तिथंच उभी राहिली. इतक्या महिन्यांत इतका आनंद तिला झाला नव्हता. पुजलेल्या हत्याराला दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही हा रिवाज, म्हणून तिने लावला नाही.

दसऱ्याला तिसऱ्या प्रहरी पंच आपट्याच्या वाटेनं निघाले. बरोबर चन्नप्पा, आणि चन्नप्पाच्या गाडीत निंगव्वा. ते बांधावर आले आणि नेमका ओढ्यापलीकडून थवा उठून बाजरीवर पडला. माळ्यावर बसलेल्या गौरम्माने काडतुसं भरली, लाकूड मागं ओढलं. ते निम्म्यावर येऊन रुतलं. पुढं जाईना, मागं येईना.

चन्नप्पाला हेच हवं होतं. बघा, बघा, म्हणून तो पंचांना कणसं दाखवायला लागला.

गौरम्मा माळ्यावरून उतरली. तिने घाई केली नाही. बांधावर पदर पसरला, काडतुसं काढून घेतली आणि बाभळीच्या काट्याने बंदुकीचं काडतूस घालायचं तोंड कोरायला बसली. आतून ओली विभूती निघाली, नारळाच्या पाण्याने चिकटलेली. मग तांदळाचे दाणे निघाले, कुंकवाने लाल झालेले. म्हातारीने नांगराला वाहतात तशा बंदुकीलाही अक्षता वाहिल्या होत्या, आणि तोंड दिसलं म्हणून चिमूटभर तिच्या तोंडात घातल्या होत्या.

हा घोळ कुणी केला, असं पंचांनी विचारलं.

"माझीच चूक," गौरम्मा मान वर न करता म्हणाली. "मी बघाय पायजे हुतं."

तिने पदराने आतून पुसलं, काडतुसं भरली आणि लाकूड ओढलं, पुरतं. ते खाडकन बसलं. लागोपाठ दोन बार झाले. एक राघू पडला, बाकीचा थवा कलकलत उठला आणि दिसेनासा झाला. पंचांनी रानातून फेरी मारली. कडेची काही कणसं खाल्लेली होती, बाकी बाजरी भरघोस उभी. तरी चन्नप्पा गप्प बसेना. आज पंच आहेत म्हणून जमलं, म्हणाला, ऐन वेळी अडकणाऱ्या बंदुकीच्या जिवावर रान सोडायचं का? पंचही चुळबुळ करायला लागले. शेवटी त्यांनी म्हातारीकडं पाहिलं.

निंगव्वा गाडीतून उतरली. ती थोरल्या सुनेकडं गेली नाही, धाकट्या मुलापुढं जाऊन उभी राहिली.

"अक्षता मी घातल्या," ती म्हणाली. "माजी चूक तिनं अंगावर घेतली. चन्नप्पा, काल तुजी हत्यारं तुज्या घरात पुजलीस न्हवं? हिची मी पुजली. पूजा घरच्या कर्त्याच्या हत्याराची करत्यात. माजा निवाडा कालच झालाय, आज कशाला इचारता?"

पंचांनी आपट्याची पानं आधी गौरम्माच्या हातावर ठेवली. चन्नप्पाने ठेवायला जरा वेळ लावला, पण ठेवली.

घरी परत निघताना निंगव्वा गाडीत बसली नाही. गौरम्माच्या हातातली बंदूक तिने मागून घेतली, नीट खांद्यावर टाकली आणि सुनेच्या पुढं चालू लागली.