नाव घेतल्याशिवाय गोळी नाही

छत्तीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात सिस्टर होते आणि या छत्तीस वर्षांत माझ्या हातून एकही गोळी चुकली नाही, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. ऐकणारे मान डोलवत. त्यांच्या गोळ्या माझ्याच कपाटात असल्यामुळे त्यांना दुसरा इलाज नव्हता.

निवृत्त झाल्यावर बीडजवळ पालीच्या बाजूला एका वृद्धाश्रमात मी औषधांचं काम घेतलं. आईनं दिवसभर घरात बसून सुनेला सूचना देण्यापेक्षा तिथे जाऊन द्याव्यात, असं माझ्या मुलाचं मत पडलं. आश्रमात अठ्ठावीस म्हातारी माणसं होती आणि गोळ्यांचा कारभार म्हणजे सगळा आनंदीआनंद. ज्याच्या त्याच्या गोळ्या ज्याच्या त्याच्या उशाखाली. एक आजोबा आपली गुडघ्याची गोळी अडकित्त्यानं कातरून शेजारच्या दोघांना वाटत. त्यांना हटकलं तर म्हणाले, "एकट्यानं कसं खावं, शिष्टर? बरं दिसतं का?"

पहिल्याच आठवड्यात मी कुलपाचं कपाट करून घेतलं. किल्ली माझ्या कमरेला. माणशी एक डबी, डबीवर नाव, नावासमोर रजिस्टरात खूण. आणि सगळ्यात मोठा नियम असा की गोळी घेण्याआधी ज्यानं त्यानं आपल्या तोंडानं आपलं पूर्ण नाव सांगायचं. आपण नाव उच्चारून "तुम्हीच ना?" असं विचारायचं नाही, कारण म्हातारी माणसं कशालाही हो म्हणतात. नोकरीत असताना एका प्रशिक्षणात हे शिकवलं होतं. शिकवणारा मुलगा चांगला हुशार होता, पण त्याच्या घरात म्हातारी बाई नसावी.

पुरुषांचं सोपं गेलं. ते नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव आणि पूर्वी सरपंच असतील तर तेही खणखणीत आवाजात सांगत. घोडं अडलं बायकांपाशी. बाईच्या पूर्ण नावात मधोमध नवरा बसलेला असतो, आणि साठ साठ वर्षं यांनी नवऱ्याचं नाव तोंडातून काढलेलं नव्हतं. नाव विचारलं की पदर तोंडाला जायचा आणि शेजारणीकडे बोट. मग शेजारीण हिच्या नवऱ्याचं नाव सांगायची आणि हिची पाळी आली की ही तिच्या नवऱ्याचं. मी चालवून घेतलं. नियम माझा होता, तेव्हा सूटही मीच देत होते.

पण दोघींच्या बाबतीत ही सूट महागात पडणार, हे मला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं. एक माजलगावच्या आजी आणि एक चकलांब्याच्या. दोघींचं नाव एक, आडनावही एक, नातं काही नाही. खोली एक, खाटा शेजारी. माजलगावच्या आजी अंगानं भरलेल्या, बोलक्या, साखरेच्या रोगी. त्यांची सकाळची गोळी चांगली जोरकस होती. चकलांब्याच्या आजी काटकुळ्या, अबोल, आणि चिमणीएवढं खाणाऱ्या. त्यांना फक्त बीपीची गोळी. साखरेची ती गोळी यांच्या पोटात गेली असती तर रक्तातली साखर उतरून जीवावर बेतलं असतं. दोन डब्यांत फरक कशाचा, तर मधल्या नावाचा. म्हणजे दोन नवऱ्यांचा, आणि दोघांनाही मरून बरीच वर्षं झाली होती.

डबीवर फोटो चिकटवून पाहिले. डोक्यावर पदर आणि जाड चष्मा, दोन्ही फोटो सारखेच आले. मनगटाला नावाची पट्टी बांधली, तर माजलगावच्या आजींनी दुपारपर्यंत ती दातानं तोडली. "मी काय बाजारची म्हैस हाय का, पट्टा बांधायला?" शेवटी मी खाट पाहून गोळी देऊ लागले. खाट काही पदर घेत नाही, असं मी स्वतःला समजावलं.

मग थंडीतली ती सकाळ आली. त्या दिवशी दुसऱ्या एका संस्थेची माणसं आमची औषधांची पद्धत बघायला येणार होती. बघायला म्हणजे शिकायला, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. इस्त्रीचं पातळ नेसून मी भराभरा गोळ्या वाटत सुटले. चकलांब्याच्या आजींना सर्दी झाली होती म्हणून माजलगावच्या आजींनी आपली खिडकीची, उन्हाची खाट त्यांना दिली होती आणि स्वतः आंघोळीला गेल्या होत्या. मी उन्हाच्या खाटेपाशी गेले, "नाव?" म्हटलं. पदर तोंडाला गेला. बोट दाखवायला शेजारीण नव्हती. मी साखरेची गोळी तळहातावर ठेवली आणि त्यांनी गिळली. नंतर मी त्यांना विचारलं की आपली गोळी पांढरी असते, ही हिरवी आहे, हे दिसलं नाही का? त्या म्हणाल्या, "दिसलं की. पर तुमी हातानं दिल्यावर न्हाई कसं म्हनावं?"

पाहुणे आले. मी रजिस्टर उघडून त्यांना खुणांच्या रांगा दाखवत होते. एकही जागा रिकामी नव्हती. पाहुण्यांपैकी एक बाई मोबाइलमध्ये पानाचा फोटो काढत होत्या, तेवढ्यात माजलगावच्या आजी केस पुसत दारात आल्या.

"शिष्टर, मपली गोळी ऱ्हायली की आज."

रजिस्टरात त्यांच्या नावासमोर खूण होती. मी रजिस्टर तिथेच टाकलं. धावत खोलीत गेले तर चकलांब्याच्या आजी उन्हात बसलेल्या, कपाळावर घाम, हात थरथरत होते. साखर मोजली, चांगलीच उतरली होती. साखरेचं पाणी पाजलं, डॉक्टरांना फोन केला, आणि ज्या गाडीतून पाहुणे शिकायला आले होते त्याच गाडीतून आजींना बीडला दवाखान्यात नेलं. दिवसभर सलाइन लावून होत्या. मी बाकड्यावर बसून होते. छत्तीस वर्षांचा हिशेब मी मनातल्या मनातही काढला नाही. मला फक्त भीती वाटत होती, आणि माझी मलाच लाज वाटत होती.

आजी वाचल्या. दुसऱ्या दिवशी डोळे उघडून मला पहिला प्रश्न विचारला तो असा, "तुमाला कुनी बोललं तर न्हाई ना?"

यानंतर मी शहाणी व्हायला हवं होतं. त्याऐवजी मी कडक झाले. आता शेजारीण नाही, खाट नाही, ज्यानं त्यानं आपलं नाव घेतल्याशिवाय गोळी मिळणार नाही. बायका हवालदिल झाल्या. तोड काढली माजलगावच्या आजींनीच. "असं कोरडं नाव कसं घ्यावं? आमी उखान्यात घेतो की. उखान्यात घेतलं तर चालतं." आणि त्यांनी तिथल्या तिथे घेतलं, नवऱ्याच्या नावाची जागा मी इथे मोकळी ठेवते:

"साखर गेली, मीठ गेलं, उरला कोरा चहा,
—रावांचं नाव घेते, शिष्टर, गोळी पहा."

दुसऱ्या दिवसापासून आश्रमाची सकाळ म्हणजे लग्नघर झाली. ज्यांनी जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, त्या आता दिवसातून दोनदा घेऊ लागल्या, काहीजणी तर जेवणाआधीची एक आणि जेवणानंतरची एक मिळून चारदा. एका आजींना कसलंच औषध नव्हतं. त्या हटून बसल्या की मला डोकेदुखीची तरी द्या, मला लई उखाणे येतात. पुरुष तक्रार घेऊन आले की हा उशीर आम्ही का म्हणून सोसायचा? मी खूश होते. गोळी चुकायची सोय उरली नव्हती, आणि पाहुण्यांना पुन्हा बोलवावं असंही मनात येत होतं.

फक्त चकलांब्याच्या आजी बोलेनात. त्यांची पाळी आली की बायका "घ्या की, घ्या की" म्हणून टाळ्या वाजवत, आणि त्या समोरच्या भिंतीकडे बघत बसत. मला वाटलं लाजतायत. मीही लाडात म्हटलं, "नाव घेतल्याशिवाय मिळायची नाही हं." त्या उठल्या. "ऱ्हाऊ द्या मग," म्हणाल्या आणि खोलीत निघून गेल्या.

म्हातारपणचा हट्ट, संध्याकाळपर्यंत उतरेल, असं मी धरून चालले. हट्टात मी कुणाला हार जात नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही त्यांचं ठाऊक नव्हतं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच झालं. बीपी मोजलं तर वर चढलेलं. मी रागावले, तर माजलगावच्या आजींनी माझ्यासमोर आपली मूठ बंद केली.

"तिला न्हाई, तर मला बी नगं."

"अहो, तुमची साखर वाढेल!"

"वाढू द्या. तुमाला खूण करायची तर करा तुमच्या वहीत."

दुपारी मी माजलगावच्या आजींना एकटं गाठून विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. चकलांब्याच्या आजींच्या नवऱ्यानं लग्नानंतर चार वर्षांनी दुसरी केली आणि यांना नेसत्या पातळानिशी घराबाहेर काढलं. माहेरीही खायची भ्रांत होती. ऊसतोडीला जावं, तर तिथे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादम आगाऊ उचल देतो ती जोडीला.

"हिची जोडी कुठली? भावासंगं गेली," माजलगावच्या आजी म्हणाल्या. "भाऊ तोडायचा, ही मोळ्या बांधायची. तेरा हंगाम. मंग भावाच्याच घरी ऱ्हायली, त्यो मेल्यावर हितं आली. त्या मानसाचं नाव तिनं त्या दिसापासून घेतलं न्हाई. लाजून न्हाई, शिष्टर. थुकली ती त्या नावावर. आन तुमी म्हनता टाळ्या वाजवून घ्या."

इतकी वर्षं बायकांच्या नाड्या बघत आले, आणि लाज व संताप यातला फरक मला कळला नव्हता.

"मग त्यांच्या डबीवर वडिलांचं नाव लावते," मी म्हटलं. वडिलांचं नाव माजलगावच्या आजींना ठाऊक होतं. मी आश्रमाच्या सचिवांकडे गेले. सचिव सज्जन गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हळहळले, आणि म्हणाले की आधार कार्डावर पतीचं नाव आहे, तेव्हा दप्तरातही तेच राहील. आधी आधार बदलून आणा. त्यासाठी काय काय लागतं ते त्यांनी कागदावर लिहून दिलं. यादीत पतीच्या मृत्यूचा दाखला होता. तो त्या दुसरीच्या मुलांकडून आणायचा होता.

ती यादी मी टरकावली. आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कामाचा एक कागद फाडला आणि बरं वाटलं. संध्याकाळी चिठ्ठी लिहिली: त्यांचं नाव, पुढे वडिलांचं नाव. दप्तरात काय असायचं ते असो, डबीवर मी हेच चिकटवणार होते, आणि सकाळी त्यांना काहीही न विचारता गोळी देणार होते. माझी चूक होती, हेही सगळ्यांसमोर सांगणार होते. तसं बोलायची सवय नसल्यामुळे मी ते दोनदा पाठ केलं.

तिसऱ्या सकाळी सगळे जमले. माजलगावच्या आजींची साखर मी नुकतीच मोजली होती. आकडा वाईट होता, आणि मी नको तितक्या मोठ्यानं तो म्हटला होता. चकलांब्याच्या आजींनी तो ऐकला. मैत्रिणीकडे एकदा पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत त्या उठून माझ्या टेबलापाशी आल्या आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं. उखाणा नाही, पुढे राव नाही. मधलं नाव त्यांनी नुसतं घेतलं, गोठ्यातलं जनावर हाकावं तसं. कुणी टाळी वाजवली नाही.

माझ्या हातात वडिलांच्या नावाची चिठ्ठी तशीच होती. मी गोळी आणि पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी गोळी मुठीत धरली, पेल्यातल्या पाण्यानं खळखळून चूळ भरली, मोरीत जाऊन थुंकली, पुन्हा एकदा भरली, पुन्हा थुंकली. पदरानं तोंड पुसलं आणि रिकामा पेला माझ्यापुढे धरला.

"आता गोळीला पानी द्या."