आत्या गप्प म्हणजे पक्षी नाही

आत्या एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर एकतीस वर्षं बसली. कुठला डॉक्टर बोलतोय हे तिला त्याच्या नुसत्या खाकरण्यावरून कळायचं. निवृत्त झाल्यावर भाच्याने तिला बळेबळे शहरातल्या मोठ्या बागेत नेलं. हिवाळ्यात दर रविवारी सकाळी तिथे पक्षी बघणाऱ्यांचं टोळकं जमायचं, आणि बघता बघता ती त्या अख्ख्या टोळक्याची आत्या होऊन बसली. बाकीचे दुर्बिणी लावून मान मोडेपर्यंत वर बघत; ही बाकावर डोळे मिटून बसायची आणि सांगायची, वटवट्या, दोन आहेत. वटवट्या म्हणजे अंगठ्याएवढा, पानाच्या रंगाचा, हिवाळ्यापुरता येणारा पाहुणा. तो दिसतो कुणाला? त्याची बारीक किटकिट ऐकूनच त्याची वहीत नोंद व्हायची, आणि त्या बाबतीत आत्या म्हणेल ती पूर्व दिशा.

या हिवाळ्यात मात्र वटवट्या आलाच नाही. एक रविवार गेला, दोन गेले, चौथाही गेला. आत्या चक्रावली. कानांवर शंका घ्यायला जागाच नव्हती. भिंतीपलीकडच्या शेजारणीने सुनेला काय काय सुनावलं ते ती शब्दन् शब्द सांगू शकत होती. मग पाखरं गेली कुठे? विचार करून करून डोक्याचा भुगा झाला, आणि तेव्हा तळ्याकाठची झुडपं तिच्या नजरेत भरली. माळीबुवांनी ती थंडी पडायच्या आधी कंबरेएवढी छाटली होती. झालं, चोर सापडला. आत्याने टोळक्याच्या वतीने बागेच्या अधीक्षकांना खरमरीत पत्र लिहिलं.

माळीबुवा बावीस वर्षं त्या बागेत होते. पाखरं रोज असतात, किटकिट करून डोकं उठवतात, असं त्यांनी साहेबांना परोपरीने सांगितलं. पण पक्षीवाल्यांपुढे माळ्याचं कोण ऐकतंय? सोमवारपासून त्यांनी शहराबाहेर, हमरस्त्याच्या दुभाजकावरच्या झाडांना पाणी घालायला जायचं, असं ठरलं.

आदल्या दिवशी, रविवारी, आत्या बाकावर बसली असताना माळीबुवा आले. भांडायला आले असते तर ती तयारच होती. ते भांडले नाहीत. जायच्या आधी एकदा दाखवतो, बाई, एवढंच म्हणाले आणि त्यांनी छाटलेल्या झुडपाकडे बोट केलं. आत्याने भाच्याच्या गळ्यातली दुर्बीण ओढली. भाचाही तिच्याबरोबर ओढला गेला. बराच वेळ नुसती पानंच दिसली. मग एक पान हललं, आणि त्याला चोच होती. वटवट्याच तो. चोच उघडत होती, मिटत होती, गळा थरथरत होता.

आत्याने स्कार्फ कानांमागे सारला. मग काढूनच टाकला.

"हा बोलतोय का रे?" तिने भाच्याला विचारलं.

"केव्हाचा. कान किटले, आत्या," भाचा म्हणाला आणि एकदम ओशाळला. तो आवाज त्याला महिनाभर येत होता. सगळ्यांनाच येत होता. पण आत्या गप्प, म्हणजे एखादा किडा असणार, असं समजून एकानेही तोंड उघडलं नव्हतं. काय म्हणावं या शहाण्यांना!

आत्याला काही सुधरेना. तळ्यावरच्या बदकांचा आवाज येत होता, लांबच्या कावळ्याचा येत होता, माळीबुवांचा जड श्वाससुद्धा ऐकू येत होता. आणि दहा पावलांवरचा हा एवढासा जीव तिच्यापुरता मुका झाला होता. वय झालं की आधी बारीक, उंच पट्टीचे आवाजच जातात, हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. तिला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. कबूल केलं तर पुढच्या रविवारी या बाकावर आपण कोण? नुसती बसलेली म्हातारी. गप्प राहिलं असतं तर भाचा काही बोलला नसता.

ती उठली ती तडक अधीक्षकांच्या खोलीत गेली. माळीबुवा दारातच थांबले.

"साहेब, पाखरं आलीत. यांचा काही दोष नाही. मलाच ऐकू येत नाही."

साहेब बुचकळ्यात पडले. त्यांनी तिचं पत्र काढून पुन्हा वाचलं, मग परीक्षा घेतल्यासारखा आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "पण माझं तर सगळं ऐकू येतंय तुम्हाला."

"तेच तर मला कळत नाहीये," आत्या म्हणाली. "तुमचं येतं. त्याचं येत नाही."

साहेबांनी बदलीचा कागद फाडला. फाडल्याचा आवाज तिला स्वच्छ ऐकू आला.